वंचित मुलांच्या आरोग्यासाठी वस्तीतील खेळाची जागा: निवडीपासून रोजच्या कामकाजापर्यंत

तीव्र कुपोषित बालकांच्या रुग्णालयातील उपचारांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने दहा पायऱ्या सांगितलेल्या आहेत. रक्तातील साखर, शरीराचे तापमान, पाण्याची कमतरता, जंतुसंसर्ग, बेताबेताने वाढवत नेलेला आहार अशा क्रमाने त्या पुढे सरकतात, आणि नवव्या पायरीवर औषधही नसते आणि अन्नही नसते. तिथे मायेने वागणे आणि रोज पंधरा ते तीस मिनिटे त्या बालकाशी ठरवून खेळणे अपेक्षित असते. खेळ म्हणजे पोट भरल्यावर सुचणारी गोष्ट, असे मानणाऱ्यांनी ही पायरी एकदा वाचावी.

रुग्णालयाबाहेरचा पुरावाही जुना आहे. जमैकातील किंग्स्टन शहरात 1986-87 मध्ये उंची खुंटलेल्या 129 बालकांचा एक अभ्यास सुरू झाला. मुले 9 ते 24 महिन्यांची होती. त्यांतील काहींच्या घरी आरोग्यसेविका दोन वर्षे आठवड्यातून एकदा तासभर जात आणि घरगुती वस्तूंपासून केलेल्या खेळण्यांनी बाळाशी कसे खेळावे, कसे बोलावे हे आईला करून दाखवत. वीस वर्षांनी तपासले तेव्हा, ज्यांच्या घरी खेळ पोहोचला ती मुले, न पोहोचलेल्यांपेक्षा सुमारे 25 टक्के अधिक कमावत होती. या प्रयोगात झोपाळा नव्हता, घसरगुंडी नव्हती. ठरल्या वेळी न चुकता येणारे एक माणूस होते. खेळाची जागा उभारू पाहणाऱ्या गटाला माझे सांगणे यातूनच आले आहे: हातातील पैसा आधी माणसावर खर्च करावा, उरला तर साहित्यावर.

खेळ शरीरात नेमके काय करतो

5 ते 17 वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी किमान 60 मिनिटे धाप लागेल अशी हालचाल करावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची 2020 ची शिफारस आहे. एक ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसभरात विखुरलेली 180 मिनिटे सांगितली आहेत. एका खोलीत पाच माणसे राहतात त्या घरात हे शक्य नसते, आणि बाहेरचा रस्ता वाहनांचा असला तर तिथेही नसते. म्हणून हाडे, स्नायू, हृदय आणि फुप्फुसे यांच्या वाढीसाठी लागणारी हालचाल मिळण्याची जागा वस्तीतच असावी लागते. डोळ्यांचा संबंधही लक्षात घेण्याजोगा आहे. चीनमधील ग्वांगझू येथे शाळेच्या वेळापत्रकात रोज 40 मिनिटे उघड्यावरची वाढवून पाहिली, तेव्हा तीन वर्षांत नव्याने लघुदृष्टी येणाऱ्या, म्हणजे लांबचे अंधुक दिसू लागणाऱ्या, मुलांचे प्रमाण सुमारे 40 टक्क्यांवरून 30 टक्क्यांवर आले. हे निष्कर्ष 2015 मध्ये प्रसिद्ध झाले.

परंतु ज्या मुलाने घरातील मारहाण, विस्थापन किंवा जवळच्या माणसाचा मृत्यू पाहिला आहे, त्याच्या बाबतीत धावण्याइतकेच महत्त्व दुसऱ्या एका गोष्टीला असते. सतत धोका जाणवत राहिला की शरीर ताणाची रसायने स्रवतच राहते आणि त्याचा परिणाम झोपेवर, भुकेवर, प्रतिकारशक्तीवर आणि एकाग्रतेवर होतो. शांत, ओळखीचे, विश्वासाचे मोठे माणूस जवळ असले तर ही यंत्रणा खाली उतरते. खेळात मूल थोडी भीती स्वतःहून ओढवून घेते, उंचावर चढते, लपते, हरते आणि पुन्हा सावरते; हा सावरण्याचा सराव त्याला अन्यत्र क्वचितच मिळतो. कोसोव्होतील संघर्षाच्या वेळी, 1999 मध्ये, अल्बेनियातील निर्वासित छावण्यांत युनिसेफने मुलांसाठी स्वतंत्र सुरक्षित जागा उभारल्या, त्यामागे हेच कारण होते.

पहिली पायरी: कोण येत नाही, ते शोधावे

जागा पाहण्यापूर्वी एक आठवडा वही घेऊन वस्तीत बसावे. सकाळी, दुपारी आणि दिवे लागताना. मुले आता कुठे खेळतात, किती वाजता घरी परततात, मुली कोणत्या वयानंतर दिसेनाशा होतात, हे नोंदवावे. त्यानंतर घरोघरी जाऊन जी मुले बाहेर दिसलीच नाहीत त्यांची यादी करावी. कडेवर धाकटे भावंड असलेली मुलगी, कुबडी घेऊन चालणारा मुलगा, झटके येतात म्हणून घरात ठेवलेले मूल, कामावर जाणारी मुले, नुकतीच दुसऱ्या मुलखातून आलेली आणि इथली भाषा न बोलणारी मुले या यादीत सापडतात. जागा कोणासाठी उभारायची, हे ही यादी ठरवते. मैदान उघडले की धडधाकट मुलगे आपोआप येतातच. त्यांच्यासाठी योजना करण्याची फारशी गरज नसते.

प्रत्येक नावापुढे न येण्याचे कारण लिहावे आणि उपाय त्या कारणावरच करावा. धाकटे भावंड हे कारण असेल, तर त्या भावंडासाठी चटईचा कोपरा आणि तिथे बसणारे एक मोठे माणूस हवे. मोठ्या मुलीला एकटीने येण्याचा आग्रह करून उपयोग नाही. काम हे कारण असेल तर वेळ बदलावी लागते. चिडवले जाण्याची भीती असेल तर पहिल्या दिवशी त्या मुलाला कोणीतरी घरून घेऊन यावे.

मुलांना विचारावेच, पण प्रश्न नीट विचारावा. ‘तुम्हाला काय हवे?’ असे विचारले की उत्तर ‘मोठी घसरगुंडी’ असेच येते. त्याऐवजी त्यांना वस्तीभर आपल्याला घेऊन फिरायला सांगावे आणि कुठे थांबावेसे वाटते, कुठून पळत जावे लागते, हे दाखवायला सांगावे.

दुसरी पायरी: जागेची निवड

मोठे मैदान मिळेपर्यंत थांबू नये. वास्तुविशारद आल्डो व्हान आइक यांनी 1947 पासून अॅमस्टरडॅम शहरात इमारतींच्या मधल्या, पडीक आणि दुर्लक्षित तुकड्यांवर सातशेहून अधिक खेळाच्या जागा आखल्या. वाळूचा हौद, काही ठोकळे आणि साध्या लोखंडी कमानी एवढेच त्यांतील पुष्कळ जागांचे साहित्य होते. त्याआधी, 1943 मध्ये, कोपनहेगनजवळील एम्ड्रुप येथे जर्मन ताब्याच्या काळात कार्ल थिओडोर सोरेन्सेन यांच्या कल्पनेतून फळ्या, विटा आणि भंगार घेऊन मुलांनी स्वतः बांधकाम करावे अशी जागा सुरू झाली होती. दोन्हीकडे जागा लहान मुलाच्या पावलांच्या टप्प्यात होती, आणि आपल्यालाही आधी तेच पाहायचे आहे. यादीतील सर्वांत अशक्त मुलाच्या दारातून निघून निवडलेल्या जागेपर्यंत चालून पाहावे. वाटेत मोठा रस्ता, उघडे गटार किंवा अंधारी बोळ लागत असेल, तर ती जागा त्या मुलासाठी नाही.

जागा वाहत्या रस्त्याला लागून असू नये. मुले मोठ्यांपेक्षा वेगाने श्वास घेतात आणि त्यांची तोंडे धुराच्या पातळीला असतात. पर्याय नसेल तर रस्त्याच्या बाजूला दाट झुडपांची रांग लावून खेळ विरुद्ध टोकाला ठेवावा. पूर्वी तिथे बॅटऱ्या फोडणे, भंगार जाळणे किंवा रंगकाम चालत असेल, तर माती तपासल्याशिवाय जागा घेऊ नये. शिशाची सुरक्षित म्हणावी अशी कोणतीही पातळी मुलांच्या रक्तात नसते, आणि लहान मूल दिवसातून असंख्य वेळा मातीचा हात तोंडात घालते. वापरायचा रंग शिसेविरहित असल्याची खात्री डब्यावरून करून घ्यावी.

सावली, पिण्याचे पाणी, हात धुण्याची सोय आणि दाराला आतून कडी असलेले शौचालय या चार गोष्टी जागेवर किंवा अगदी जवळ असाव्यात. वयात आलेल्या मुली येणे का थांबवतात, याचे उत्तर पुष्कळदा त्या कडीत असते. जागेच्या मालकाची किंवा स्थानिक प्रशासनाची परवानगी लेखी घ्यावी. तोंडी परवानगीवर लावलेली झाडे दुसऱ्याच वर्षी कापली जातात.

तिसरी पायरी: जमीन आणि साहित्य

खेळताना होणाऱ्या गंभीर इजांमध्ये उंचावरून पडण्याचा वाटा मोठा असतो, म्हणून साहित्यापेक्षा त्याखालच्या जमिनीवर अधिक खर्च करावा. काँक्रीट, डांबर, फरशी किंवा घट्ट बसलेली माती यांवर चढण्याचे कोणतेही साहित्य उभे करू नये. पडण्याची उंची दोन मीटरपर्यंत असेल तर खाली किमान 20 सेंटिमीटर सैल वाळू किंवा झाडाच्या सालीचा थर लागतो, आणि पायांनी उडून जाणाऱ्या मालासाठी आणखी 10 सेंटिमीटर धरावे लागतात. तीन मीटरपेक्षा अधिक उंचीवरून पडण्याची शक्यता कुठेही असू नये. खरे तर वस्तीतील जागेला दीड मीटर पुष्कळ झाले. साहित्याभोवती सर्व बाजूंनी साधारण दोन मीटर मोकळे राहावेत. झोपाळ्यापुढे आणि मागे याहून बरेच जास्त अंतर लागते, म्हणून तो नेहमी कडेला ठेवावा.

फटींचे एक माप पाठ करून ठेवावे: 9 सेंटिमीटरपेक्षा मोठी आणि 23 सेंटिमीटरपेक्षा लहान. अशा फटीतून मुलाचे धड पार होते आणि डोके अडकते. कठड्याच्या गजांमधील, शिडीच्या पायऱ्यांमधील आणि फळ्यांमधील प्रत्येक फट पट्टीने मोजावी आणि या मापात बसणारी असेल तर ती बुजवावी. गळ्यातील नाड्या, ओढण्या आणि दोऱ्या घसरगुंडीच्या माथ्यावर अडकतात. चढण्यापूर्वी त्या काढून ठेवण्याचा नियम असावा, आणि सायकलचे हेल्मेटही त्याच कारणाने उतरवावे. मूल घाबरते म्हणून मोठी माणसे त्याला मांडीवर घेऊन घसरगुंडीवरून उतरतात. हे मायेचे दिसत असले तरी मुलाचा पाय कडेला अडकतो, मोठ्यांच्या वजनाने खाली रेटला जातो आणि नडगीचे हाड मोडते. एकट्याने उतरायला घाबरणाऱ्या मुलाला बुटकी घसरगुंडी द्यावी.

जुने टायर सर्वांना आवडतात, डासांनाही. आत पाणी साचू नये म्हणून प्रत्येक टायरला खालच्या बाजूने भोके पाडावीत, नाहीतर डेंगी पसरवणाऱ्या डासांची पैदास आपणच केल्यासारखे होईल. वाळूच्या हौदावर रात्री झाकण हवे. मांजरे आणि कुत्री तिथे घाण करतात आणि त्यातून जंतांची अंडी मुलांच्या पोटात जातात. अंकुशकृमीच्या अळ्या तर अनवाणी पायांच्या त्वचेतूनच आत शिरतात. म्हणून परिसरात उघड्यावर शौच होत असेल तर चपलांची सोय करणे हे खेळाच्या खर्चातच धरावे.

चाकाच्या खुर्चीसाठी फाटकापासून खेळापर्यंत सलग, कडक पृष्ठभागाची वाट लागते. चढ 1:12 पेक्षा तीव्र नसावा, आणि खुर्ची वळवण्यासाठी दीड मीटर व्यासाची मोकळी जागा असावी. केवळ उतार बांधून थांबू नये. वाळूचा हौद खुर्चीतील मुलाच्या गुडघ्यांच्या वर उचलून घेतला आणि खाली पाय सरकायला जागा सोडली, तर खुर्चीतील मूल इतरांच्या बरोबरीने वाळूत हात घालू शकते. अपंग मुलांना खेळात इतरांच्या बरोबरीने सहभागी होता यावे, ही 2006 च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराची अपेक्षा आहे. ‘अपंग मुलांसाठी’ म्हणून कोपऱ्यात बसवलेला वेगळा झोपाळा त्या अपेक्षेला धरून नाही.

सुट्या वस्तूंची पेटी मात्र सढळ हाताने भरावी: दोऱ्या, खोकी, फळ्या, कापड, डबे, चेंडू, बादल्या. एकाच कापडाचा तंबू होतो, नदी होते, दवाखानाही होतो, आणि ज्या मुलाला बोलता येत नाही त्याला त्या दवाखान्यात रुग्ण तरी होता येते.

चौथी पायरी: खेळताई किंवा खेळदादा

खेळताई, म्हणजे खेळाच्या वेळी मुलांसोबत राहणारी मोठी व्यक्ती, वस्तीतीलच असावी, मुलांची भाषा बोलणारी असावी आणि तिला मानधन नियमित मिळावे. पाच ते नऊ वर्षांच्या वीसेक मुलांमागे दोन मोठी माणसे हवीत. त्याहून लहान मुलांमागे अधिक. प्रशिक्षणात खेळांची यादी शिकवण्यापेक्षा पाहायला शिकवावे.

पाहणे म्हणजे काय, हे एका प्रसंगातून सांगतो. एक सात-आठ वर्षांची मुलगी सलग तीन दिवस जाळीला पाठ लावून उभी होती. बोलावले की नकारार्थी मान हलवायची. चौथ्या दिवशी खेळताईने तिला बोलावलेच नाही. दोरीउड्यांच्या दोरीचे एक टोक जाळीला बांधण्याऐवजी तिच्या हातात दिले आणि म्हणाली, ‘एवढं धरतेस का गं?’ मुलीने अर्धा तास दोरी फिरवली. तोंडातून शब्द नाही, पण उडी चुकली की ती ओठ दाबून हसत होती. दुसऱ्या आठवड्यात ती स्वतः उड्या मारायला लागली. खेळायला बोलावण्यापेक्षा खेळात एखादे काम देणे बुजऱ्या मुलाला सोपे जाते.

दिवसाचा क्रम शक्यतो बदलू नये. आल्यावर नावाने स्वागत, पाणी आणि हात धुणे. मग सर्वांचा एक छोटा रिंगणातील खेळ. त्यानंतर किमान तासभर मुलांनी स्वतः ठरवलेला मोकळा खेळ. शेवटी दहा मिनिटे शांतपणे बसून गोष्ट किंवा गाणे, आणि पुन्हा साबणाने वीस सेकंद हात धुणे. ज्यांच्या घरी उद्याचा भरवसा नसतो त्या मुलांना हा क्रम आधार देतो. संपण्याच्या पाच मिनिटे आधी सूचना द्यावी. अचानक वाजलेल्या शिट्टीने काही मुले दचकतात, म्हणून शिट्टीऐवजी ठरलेले गाणे बरे.

मोकळ्या तासात खेळताईने खेळ चालवू नये. भांडण झाले की लगेच मधे पडू नये; हात उचलला जाईल असे दिसले तरच जावे. मैदानाचे सरावाच्या वर्गात रूपांतर करण्याचा मोह संस्थांना फार होतो, विशेषतः पाहुणे येणार असले की. बालहक्क कराराच्या कलम 31 मध्ये खेळाचा हक्क 1989 पासून स्वतंत्रपणे नोंदवलेला आहे. त्याला अभ्यासाचे किंवा स्पर्धेचे निमित्त लावण्याची गरज नाही.

मुलींसाठी आठवड्यातून काही वेळ संपूर्ण मैदान राखून ठेवावे. सर्वांसाठी खुले म्हणून सोडलेल्या मैदानाचा मधला भाग चेंडू खेळणाऱ्या मोठ्या मुलग्यांकडे जातो आणि बाकीचे कडेकडेने उरतात.

पाचवी पायरी: आजारी आणि अशक्त मुले

प्रत्येक मुलाच्या पालकांकडून प्रवेशाच्या वेळी आजार, औषधे, अॅलर्जी आणि कोणाला कळवायचे याची माहिती घ्यावी आणि ती कुलुपात ठेवावी.

दम्याच्या मुलाला खेळू देऊ नये, ही समजूत चुकीची आहे. त्याला सावकाश सुरुवात करू द्यावी, डॉक्टरांनी दिलेला आराम देणारा पंप हाताशी ठेवावा आणि धूळ किंवा धूर जास्त असलेल्या दिवशी बैठे खेळ घ्यावेत. झटके येणाऱ्या मुलाला धावण्याची, नाचण्याची मुभा असावी. उंच चढताना आणि पाण्याजवळ मात्र एक मोठे माणूस त्याच्यासाठीच असावे. झटका आल्यास कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काही ठेवावे, तोंडात काहीही घालू नये, वेळ मोजावी आणि पाच मिनिटांपुढे गेल्यास तातडीची मदत बोलवावी.

कुपोषित मुलांबाबत सावध राहावे. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकाच्या दंडाचा घेर 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी असणे, किंवा दोन्ही पावलांवर सूज असणे, ही तीव्र कुपोषणाची खूण आहे. अशा बालकाला खेळाच्या जागेवरून थेट आरोग्य केंद्रात पोहोचवावे. 11.5 ते 12.5 च्या दरम्यान असलेल्यांनाही तपासणीसाठी पाठवावे. उपचार चालू असताना त्यांच्याशी मांडीवरचे, बसून करायचे खेळ जरूर खेळावेत; धावायला लावू नये. सायंकाळी रिकाम्या पोटी येणाऱ्या मुलांना घाम फुटेपर्यंत पळवणे हा अन्याय आहे. आधी काहीतरी खायला द्यावे, मग खेळ.

आरोग्यसेवकाला महिन्यातून एकदा खेळाच्या वेळी बोलवावे. लसीकरण कार्ड पाहणे, वजन-उंची, दात, डोळे आणि कान यांची तपासणी खेळता खेळता होते, आणि हाकेला ओ न देणारे मूल हट्टी आहे की त्याला ऐकू येत नाही, हेही अनेकदा मैदानावरच कळते. मात्र इंजेक्शन तिथे देऊ नये. एकदा टोचले गेले की ती जागा मुलाच्या मनात दवाखाना होते आणि ते येणे थांबवते.

सहावी पायरी: संरक्षण

कोणत्याही मोठ्या माणसाने मुलासोबत बंद जागेत एकटे राहू नये. नेहमी दोन मोठी माणसे असावीत आणि खेळाची सर्व जागा बाहेरून दिसणारी असावी. या माणसांची निवड करताना त्यांच्या पूर्वीच्या कामाच्या ठिकाणी चौकशी करावी. तक्रार कोणाकडे करायची, हे मुलांना चित्रांसह माहीत असावे, आणि ती व्यक्ती खेळताईपेक्षा वेगळी असावी. मुलाने अत्याचाराविषयी काही सांगितले तर शांतपणे ऐकावे, खोदून विचारू नये, ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन देऊ नये, आणि त्याच दिवशी बालसंरक्षण यंत्रणेला कळवावे. देणगीदारांसाठी मुलांची छायाचित्रे काढण्याची प्रथा मला खटकते; घरातून पळून आलेल्या आईच्या मुलाचा चेहरा छापणे म्हणजे त्यांचा पत्ता जाहीर करणे.

सातवी पायरी: देखभाल आणि नोंदी

रोज उघडण्यापूर्वी एक फेरी मारावी: काचा, खिळे, सुया, प्राण्यांची घाण, साचलेले पाणी. उन्हाळ्यात घसरगुंडीवर हाताची मागची बाजू पाच सेकंद टेकवून पाहावी. टेकवत नसेल तर ती बंद ठेवावी. आठवड्याला वाळूचा थर मोजावा, महिन्याला बोल्ट, साखळ्या आणि लाकडाच्या बुडाशी लागलेली कीड पाहावी. मोडलेली वस्तू त्याच दिवशी काढावी किंवा बांधून टाकावी.

नोंदवहीत किती मुले आली, हा आकडा सर्वांत कमी उपयोगाचा आहे. पहिल्या आठवड्यातील यादी पुन्हा काढावी आणि त्यांतील किती जण आले, किती वेळा आले, कोण यायचे थांबले, हे पाहावे. सलग तीन दिवस न आलेल्या मुलाच्या घरी खेळताईने जाऊन यावे. झोप, भूक, शाळेतील हजेरी आणि चिडचिड यांविषयी पालकांना तीन महिन्यांनी तेच चार प्रश्न विचारावेत आणि उत्तरे त्यांच्याच शब्दांत लिहावीत.

निधी संपल्यामुळे जागा बंद करावी लागली, किंवा खेळताई सोडून जाणार असली, तर मुलांना किमान दोन आठवडे आधी सांगावे. भिंतीवर दिवस मोजणारा तक्ता लावावा, नवी खेळताई त्याच दिवसांत जुनीबरोबर येऊ लागावी, आणि शेवटच्या दिवशी जुन्या खेळताईने प्रत्येक मुलाचा नावाने निरोप घ्यावा. ज्या मुलांच्या आयुष्यातून माणसे न सांगता निघून गेली आहेत, त्यांच्यासाठी हा दिवस कार्यक्रमपत्रिकेत आधीच धरलेला असावा.